वेखंड चालतं का? आधी सांगा, कुठल्या पाण्यातलं

आई माझ्या बाळंतपणाला सॅस्कटूनला आली ती फेब्रुवारीत, बाहेर उणे ३१, आणि तिच्या बॅगेत निम्मे डिंकाचे लाडू आणि उरलेल्या जागेत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली सहाण. संगमनेरहून सहाण घेऊन कॅनडात. सोबत गुटीची पुरचुंडी होतीच, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, अतिविष, खारीक, बदाम आणि वेखंड. लेकीला तेव्हा पाचवा आठवडा लागला होता. आई रोज सकाळी खिडकीशी बसून एकेकाचे वेढे उगाळायची आणि सगळं घर त्या वासाने भरून जायचं, हीटिंग चालू असल्यामुळे खिडक्या बंद, त्यामुळे वेखंडाचा तो उग्र, थोडा कापरासारखा थोडा मातीसारखा वास दुपारपर्यंत पडद्यांना चिकटून राहायचा.

अशाच एका सकाळी आमच्या कोहकम बाळ बघायला आल्या. कोहकम म्हणजे क्री या कॅनडातल्या आदिवासींच्या भाषेत आजी, ऐकायला आपल्या कोकमासारखंच वाटतं. मी जिथे काम करते तिथल्या किचनमध्ये वर्षानुवर्षं काम करून त्या रिटायर झाल्या, मूळच्या ला राँजच्या उत्तरेकडच्या, आणि ऑफिसातले लहानथोर सगळे त्यांना कोहकमच म्हणतात. बाळासाठी मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या कातड्याचे इवलेसे मोकॅसिन, म्हणजे मऊ बूट, घेऊन आल्या होत्या, त्यांनाही धुराचा छान वास होता. कोट काढता काढता त्या दारातच थांबल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "वीहकेस?" आईला इंग्लिश जेमतेम आणि क्री तर काहीच नाही, पण तिला वाटलं या बाई वेखंडच म्हणतायत, ती खूश होऊन म्हणाली "हो हो, वेखंड!" आणि हातातला तुकडा पुढे केला. दोन शब्दांचा काही संबंध नाही बरं का, नुसता योगायोग. पण कोहकमनी पर्समधून चामड्याची एक छोटी थैली काढली आणि तिच्यातून तसलाच तुकडा बाहेर आला. जरा काळपट, बारीक, अंगावर तशाच आडव्या वळ्या. आईचा तुकडा फिकट, जाडसर, घासून घासून एका बाजूने गुलाबीसर पांढरा पडलेला. दोघींनी एकमेकींच्या मुळ्या नाकाशी धरल्या. आणि मग कोहकमनी एक प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेला नाही. "हे कुठल्या पाण्यातलं आहे?"

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पाण्यातलं? वाण्याकडचं आहे."

मला या लेखात जे म्हणायचंय ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच आहे. रानातल्या, परंपरेतल्या वनस्पतींबद्दल आपण जी भांडणं करतो, म्हणजे एकीकडे "हजारो वर्षं वापरतायत, सेफच असणार" आणि दुसरीकडे "टॉक्सिक आहे, बंद करा", ती दोन्ही भांडणं झाडाच्या नावावर चालतात, आणि नावावर काहीच ठरत नाही. कुठलं झाड, कुठल्या पाण्यातलं, कुणी काढलं, किती घ्यायचं, कुणी घ्यायचंच नाही, हे सगळं मिळून परंपरा होते. त्यातलं नुसतं नाव उचलून पुड्यावर छापलं की ती परंपरा राहत नाही, आणि नुसतं नाव उचलून बंदी घातली की ते विज्ञानही राहत नाही.

आधी हे वीहकेस काय आहे ते सांगते. सॅस्कॅचवान, अल्बर्टा, मॅनिटोबाच्या तळ्यांच्या आणि संथ ओढ्यांच्या काठाला चिखलात उगवणारी ही वनस्पती, पानं तलवारीसारखी लांब, चुरगाळली की वास येतो. इंग्लिशमध्ये तिला इथले लोक रॅट रूट म्हणतात कारण मस्करॅट नावाचा पाण्यातला प्राणी तिची मुळं खातो. लाकोटा आदिवासींच्या भाषेतलं नावही त्याच अर्थाचं आहे, मस्करॅटचं खाणं. अनिशिनाबे आदिवासी तिला वीके म्हणतात. घसा बसला, खोकला झाला, दात ठणकला, की नखाएवढा तुकडा गालात धरायचा. पाववाव म्हणजे आदिवासींचे नाचगाण्याचे मेळावे, त्यात रात्रभर ड्रमवर गाणारे गायक आवाज टिकावा म्हणून तोंडात हीच मुळी ठेवतात. हे ऐकल्यावर आई एकदम म्हणाली, "मग बरोबर आहे, वचा म्हणजे वाचा!" आपल्याकडे मूल बोबडं बोलत असेल किंवा उशिरा बोलायला लागलं तर वेखंड उगाळून जिभेला लावतात, संस्कृतात वेखंडाला वचा म्हणतात, आणि इथे जगाच्या दुसऱ्या टोकाला ज्यांचा आपला काही संपर्क नव्हता ते लोक तसल्याच मुळीला गळ्याचं औषध म्हणतात. मला हे फार सुंदर वाटतं, खरंच. आणि तरी, इथूनच घोळ सुरू होतो.

कारण ती एक वनस्पती नाहीच. दिसायला बहिणी, वासाला बहिणी, पण उत्तर अमेरिकेतली जी मूळची आहे, अकोरस अमेरिकानस, तिची गुणसूत्रं २४, तिला बी धरतं. युरोपात जी आहे ती १६व्या शतकात तुर्कस्तानाकडून तिकडे गेली, तिची गुणसूत्रं ३६, ती वांझ, नुसती मुळांवर पसरते, आणि युरोपियन वसाहतवाल्यांनी ती अमेरिकेत पण आणली, त्यामुळे पूर्वेकडच्या पाणथळ जागांमध्ये आता दोन्ही सापडतात. आणि आपल्याकडची वेखंड बहुतेक करून ४८ गुणसूत्रांची. आता कुणी म्हणेल गुणसूत्रांचं कौतुक कशाला, तर ते यासाठी की वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं एक द्रव्य असतं, आणि ते उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या जातीत जवळपास सापडतच नाही, युरोपियन जातीत थोडं असतं, आणि आपल्या ४८वालीच्या तेलात ते भरपूर, कधी कधी तेलाचा निम्म्याहून जास्त भाग तेच. म्हणजे कोहकमच्या थैलीतली मुळी आणि आईच्या पुरचुंडीतली मुळी या ज्या बाबतीत सगळ्यात वेगळ्या आहेत ती बाब नाकाला कळत नाही, डोळ्याला कळत नाही. पान असतं तर कळलं असतं, इकडच्या जातीच्या पानावर सारख्या उठावाच्या दोन-चार शिरा दिसतात आणि दुसरीच्या पानाला मधोमध एकच ठळक शीर असते. पण बाजारात पान कोण विकतं, बाजारात सुकलेला तुकडा येतो किंवा त्याहून वाईट म्हणजे पावडर.

आता बंदीची गोष्ट. १९६७ साली उंदरांवरच्या दीर्घकाळच्या अभ्यासाचा एक पेपर आला, उंदरांना खाण्यातून वेखंडाचं तेल दिलं आणि त्यांच्या आतड्यात कॅन्सरच्या गाठी झाल्या. हे तेल कुठलं होतं? जम्मूचं. म्हणजे आपली जात. आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेखंड, वेखंडाचं तेल, वेखंडाचा अर्क, सगळ्यालाच अन्नात बंदी घातली. कुठली जात, कुठला देश, काही भेद नाही. जम्मूच्या तेलाने उंदीर आजारी पडले आणि ज्या मुळीत ते द्रव्य नाहीच ती पण त्याच नावाखाली बंद. आज तिकडे ती खाण्याची वस्तू म्हणून विकता येत नाही, मग विकणारे काय करतात, "धुपासाठी, संग्रहासाठी" असं लिहून विकतात आणि घेणारा गालात धरायलाच घेतो, फक्त आता त्याला सांगणारं कुणी नसतं. बंदीने वापर थांबला नाही, वापराबद्दल बोलणं तेवढं थांबलं.

पण मी बंदीच्या विरोधात आहे म्हणून "बघा, पाश्चात्यांनी आपलं औषध बदनाम केलं" असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाहीये, आणि हे मला आपल्या लोकांशी नीट बोलायचंय. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर मी हे टाकलं तेव्हा लगेच उत्तरं आली, उंदरांना केवढा डोस दिला असेल, आपण तर गुटीत एक वेढा देतो, माझ्या तिन्ही मुलांना दिली काही झालं नाही. डोसचा मुद्दा खरा आहे, उंदरांचा डोस मोठाच होता आणि वेखंडामुळे माणसात कॅन्सर झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण बीटा-असारोन ज्या प्रकारचं द्रव्य आहे, म्हणजे थेट पेशीतल्या गुणसूत्रांना इजा करू शकणारं, त्या प्रकारासाठी "इतक्यापर्यंत चालेल" अशी रेषा ओढता येत नाही. युरोपच्या वैज्ञानिक समितीने २००२ मध्ये हेच सांगितलं की सुरक्षित मर्यादा ठरवता येत नाही, म्हणून जितकं कमी तितकं बरं, आणि तिथे दारूच्या पेयांमध्ये किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. लक्षात घ्या, तिथे त्यांनी नुसत्या झाडाच्या नावावर बोट ठेवलं नाही, द्रव्यावर ठेवलं, मोजलं आणि आकडा दिला. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

आणि "आपण एक वेढाच देतो" हे कुणाला देतो, तर पाच आठवड्यांच्या जिवाला, ज्याचं लिव्हर अजून धड कामाला लागलेलं नाही, ज्याला सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा घोट पण द्यायचा नाही असं डॉक्टर कंठशोष करून सांगतात. वर गुटी मधात कालवायची, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातल्या बोटुलिझमच्या जंतूंमुळे, हे तर आता सगळीकडे सांगतात. "माझ्या मुलांना काही झालं नाही" हे वाक्य मी पण लहानपणापासून ऐकत आलेय आणि त्यातल्या आजीचं प्रेम मला कळतं, पण ज्यांना काही झालं ती मुलं असं वाक्य बोलायला ग्रुपवर येत नाहीत.

आपल्या जुन्या लोकांना हे माहीत नव्हतं असंही नाही. भावप्रकाशात वेखंडाचा गुणच "वान्तिवह्निकृत्" असा दिलाय, म्हणजे अग्नी पेटवणारी आणि उलटी करवणारी. आयुर्वेदात वेखंड तशीच वापरत नाहीत, तिचं शोधन करतात, गोमूत्रात, मग वेगवेगळ्या काढ्यांमध्ये तासन्‌तास शिजवून. हे सगळं कष्टाचं काम, वैद्याचं काम. आता मला सांगा, आपल्या वाण्याकडच्या पुडीतल्या वेखंडाचं शोधन झालंय का? पुडीवर लिहिलंय का? जे शास्त्र आपण छाती फुगवून दाखवतो त्याच शास्त्राने सांगितलेली अट आपण सोडून दिली आणि झाडाचं नाव तेवढं धरून ठेवलं.

हे नुसतं नाव उचलण्याचं काय होतं याचं सगळ्यात विचित्र उदाहरण सॅस्कॅचवानमधूनच निघतं. १९५० आणि ६०च्या दशकांत इथे हम्फ्री ऑस्मंड आणि अब्राम हॉफर हे दोन मनोविकारतज्ज्ञ एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्यावर काम करत होते, सायकेडेलिक हा शब्दच ऑस्मंडचा. त्यांच्या १९६७च्या पुस्तकात उत्तर अल्बर्टातले क्री लोक रॅट रूट चघळतात याची एक हकीकत आली, त्यात भरपूर चघळलं की एलएसडीसारखा अनुभव येतो असं कुणा एका सांगणाऱ्याच्या भरवशावर लिहिलेलं. झालं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जी मुळी घसा दुखतो म्हणून गालात धरली तिच्यावर "हॅल्युसिनोजेन", म्हणजे भास घडवणारी, असा शिक्का बसला, आणि इंटरनेट आल्यावर तो शिक्का जगभर फिरला. मग स्वीडनमधली तरणी मुलं नशा होते म्हणून वेखंडाचं तेल मागवून प्यायला लागली आणि तिथल्या विष-सल्ला केंद्रात पोहोचली, कशासाठी, तर उलट्या, काहींना पंधरा-पंधरा तासांहून जास्त चाललेल्या उलट्या. भ्रम वगैरे फारसे कुणाला झालेच नाहीत. असारोनचं शरीरात एका नशेच्या द्रव्यात रूपांतर होतं असा जो तर्क होता ते द्रव्य त्यांच्या लघवीत सापडलं नाही. म्हणजे क्री लोकांची मुळी एक, पुस्तकातली गोष्ट दुसरीच, बाटलीतलं तेल तिसऱ्याच कुठल्या जातीचं, आणि भोगलं चौथ्याने. भावप्रकाशातला तो एक शब्द वाचला असता तरी त्या पोरांचा त्रास वाचला असता.

आपल्याकडे हे नवीन आहे का? २०२० आठवा. कोविडमध्ये घरोघरी गुळवेलीचा काढा, कुणी वाटीभर कुणी ग्लासभर, महिनोन्‌महिने. मग मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे सहा पेशंट लिव्हरला सूज आलेले असं २०२१ मध्ये छापलं आणि आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की ती गुळवेल नसेलच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल, आधी झाड ओळखायला हवं होतं. दोन्ही बाजूंनी लोक चिडले. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं की अहो, मंत्रालयाचं हे उत्तर बरोबर असेल तर ते जास्त काळजीचं आहे, कारण बाजारात सासू-सुना जी वेल विकत घेतायत ती कुठली हे कुणी तपासतच नाहीये असाच त्याचा अर्थ होतो. तपासणीची जबाबदारी शेवटी कुणाची, पेशंटची?

उत्तरेकडच्या आणखी एका वासाच्या झुडपाचं असंच आहे, लॅब्राडोर टी. कॅनडाच्या दलदलीत सगळीकडे, क्री, इनुइट, डेने असे इथले सगळे मूळचे लोक त्याचा चहा करतात. चहा हलका करायचा, कडक उकळत ठेवायचा नाही, आणि पान उलटं करून बघायचं, खालून गंजासारखी तांबूस लव असली तरच तोडायचं, कारण त्याच दलदलीत बॉग लॉरेल आणि बॉग रोझमेरी उगवतात, पानं साधारण तशीच बारीक, कडा वळलेल्या, पण खालून पांढुरकी, आणि त्या दोघी विषारी. नाडी मंदावते, बीपी उतरतं. हिमालयातल्या बुरांशचं सरबत आपले ट्रेकर लोक आवडीने पितात, तो आणि लॅब्राडोर टी एकाच ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातले, आणि त्याच कुळाच्या काही जातींच्या फुलांवरून मधमाश्यांनी केलेला मध खाऊन माणसं बेशुद्ध पडल्याच्या हकिकती ग्रीक काळापासूनच्या आहेत. कुळ बघून नाही, पान उलटं करूनच कळतं. हे पान उलटं करणं इथली मुलं आजीच्या मागे फिरून शिकतात, पाकिटावर ते छापलेलं नसतं.

आता पाण्याकडे परत येते, कारण कोहकमचा प्रश्न पाण्याचा होता, जातीचा नव्हता. मला आधी वाटलं त्या जागेबद्दल विचारतायत. नंतर एकदा चहाच्या वेळी विचारलं तर म्हणाल्या, वीहकेस चिखलात झोपते, चिखलात जे असेल ते ती पिते. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की ही वनस्पती जड धातू इतके शोषते की सांडपाणी साफ करायला तिचा उपयोग करतात. उत्तर अल्बर्टात ऑइल सँड्सच्या, म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूच्या, खाणी आहेत, त्यांच्या शेजारी फोर्ट मकाय हे फर्स्ट नेशन, म्हणजे तिथल्या आदिवासींचा समाज. तिथल्या लोकांना विचारलं की खाणी संपल्यावर जमीन परत नीट करायची तर काय काय परत यायला हवं, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या मोजक्या गोष्टींमध्ये मूस, बीव्हर, ब्लूबेरी यांच्याबरोबर ही रॅट रूट होती. इकडे दक्षिणेला शेतीसाठी तळी बुजवली, तिकडे उत्तरेला पाण्यावर भरवसा उरला नाही, आणि म्हातारी माणसं औषध काढायला शंभर-शंभर किलोमीटर लांब जातात. त्यामुळे "ही वनस्पती सेफ आहे का" हा प्रश्न प्रयोगशाळेतला जितका आहे तितकाच खाणीला परवानगी देणाऱ्या टेबलावरचा आहे, आणि त्या टेबलावर तो कुणी विचारत नाही. उंदरांच्या अभ्यासावरून एका वर्षात बंदी येते, आणि पाण्यात काय मिसळलं याचा विषय आला की अहवालावर अहवाल.

आपल्या वेखंडालाही हाच प्रश्न लागू आहे. ती येते कर्नाटकात तुमकूरकडच्या पाणथळ शेतांतून, मणिपूरमधून, हिमालयाच्या पायथ्याकडून. त्या शेताच्या वरच्या अंगाला काय आहे, कारखाना आहे का, गटार येतं का, कुणी लिहून ठेवलंय?

मग करायचं काय, असं मला ग्रुपवर एका काकांनी विचारलं, सगळंच बंद करायचं का. नाही हो काका. मला तर उलटं वाटतं. मला वाटतं रोगापुरतं आणि घशापुरतं जे खरं ज्ञान आहे ते टिकायचं असेल तर ते अर्धवट विकणं आधी थांबलं पाहिजे. पुड्यावर जात लिहा, गाव लिहा, शोधन केलंय की नाही लिहा, बीटा-असारोन मोजून आकडा लिहा, आणि बाळाचा फोटो छापायचा बंद करा. बाळाचा फोटो छापलेल्या पुड्यावर "बालकांना पोटातून देऊ नये" असं लिहायला लागलं तरच तो फोटो जाईल. अमेरिकेने पण जम्मूच्या तेलावरून सगळ्यांना एका माळेत ओवणं सोडावं, ज्यात ते द्रव्य नाही ती मुळी वेगळी ओळखावी, आणि ती ओळख ठरवताना जे लोक ती वापरतात त्यांना टेबलाशी बसवावं. हे काही स्वप्न नाहीये. उत्तर क्युबेकमध्ये क्री लोकांच्या डायबेटिसवरच्या औषधी वनस्पतींचा अभ्यास झाला, लॅब्राडोर टी त्यात होता, आणि तिथे संशोधकांनी क्री समाजांबरोबर लेखी करार केले, ज्ञान कुणाचं, छापायचं काय, झाकून ठेवायचं काय हे आधी ठरवलं. उत्तर क्युबेकमधल्याच नुनाविक भागात इनुइट लोकांच्या सांस्कृतिक संस्थेने स्वतःच रानातल्या पानांचे चहा पाकिटात भरून बाजारात आणले. म्हणजे विकण्याला माझा विरोध नाहीच, कोण विकतं आणि सोबत काय सांगतं याचा प्रश्न आहे.

एक तक्रार मात्र इथल्या बाजूची पण करायची आहे. आमच्या घरी हेल्थ नर्स आली होती, चांगली मुलगी होती, पण सहाण बघून तिने विचारलं सुद्धा नाही हे काय आहे, नुसतं म्हणाली "नो हर्बल स्टफ", आणि फॉर्मवर टिक केली. आईचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवशी आईने गुटी बंद केली नाही, फक्त माझ्यासमोर उगाळणं बंद केलं, पहाटे उठून करायला लागली. मला वास आला म्हणून कळलं. "नको" म्हणणाऱ्या माणसाने आधी "काय आहे" विचारलं नाही की असंच होतं, घरोघरी होत असणार. आईने शेवटी ऐकलं ते नर्सचं नाही, माझं पण नाही, कोहकमचं. त्यांनी आईला विचारलं बाळाला देता का, आई म्हणाली हो, तर त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, नुसतं मान हलवून म्हणाल्या, "आम्ही लहानांना देत नाही. ही ताकदवान आहे. आधी मोठं होऊ दे." मी भाषांतर केलं. आई बराच वेळ सहाणेकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "बाई खरं बोलतात, आमची आजी पण म्हणायची वेखंड जपून." म्हणजे तिला माहीत होतंच. तिला ते आठवायला दुसऱ्या आजीने विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून पुरचुंडी बंद झाली. वेखंडाचे उरलेले तुकडे आईने माझ्या पैठणीच्या घडीत आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवले, कसर लागू नये म्हणून, तिच्या आईच्या घरी ठेवायचे तसे. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात भोसल्यांच्या काळापासूनच्या पोथ्या आहेत, तिथेही किडीपासून राखायला ज्या मसाल्यांच्या पुरचुंड्या ठेवतात त्यात वेखंड असते. या कामाला ती खरंच उत्तम आहे.

आई एप्रिलमध्ये परत गेली. माझ्या ओट्यावरच्या कपाटात आता दोन छोट्या बरण्या आहेत, आणि दोन्हींवर मी चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय. कोहकमनी दिलेल्या तुकड्यांच्या बरणीवर लिहिलंय: ला राँजच्या उत्तरेचं तळं, सप्टेंबर, त्यांनी स्वतः काढलेलं, मान म्हणून तंबाखू ठेवून, घशासाठी, नखाएवढं, फक्त मोठ्यांनी. दुसऱ्या बरणीवर पुडीवरचं जेवढं होतं तेवढं उतरवलं: वेखंड, ५० ग्रॅम. खाली माझ्या अक्षरात, पाणी माहीत नाही, पोटात नाही, साड्यांना.